उमेदवाराची वही

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

"तिला विचारा," असं तू म्हणाली होतीस. बाबांना. तू दहा वर्षांची होतीस आणि मी सात. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार, म्हणून लिहीत नाही. हे पत्र त्याबद्दल नाहीच. सुरुवात कशी करावी ते सुचेना, तेव्हा हाताला हेच वाक्य लागलं. खोडणार होते, मग म्हटलं राहू दे.

पत्र कुत्र्याच्या पिल्लाबद्दल आहे.

अकरा वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि तेही कुत्र्याबद्दल, हे मलाही चमत्कारिक वाटतंय. पण फोन तू उचलत नाहीस. तुझा पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी फार मागे लागले होते. बोलता बोलता तीच म्हणाली की तुझ्याकडे तीन कुत्री आहेत आणि तिन्ही शहाणी आहेत, घरात एक थेंब सांडत नाहीत. मला वाटलं, एवढं तरी तुला विचारता येईल.

तर पिल्लू. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या मालकिणीच्या कुत्रीला पाच झाली. चार गेली आणि एक उरलं. तपकिरी आहे, एक कान उभा, एक पडलेला. मी दिवसभर दुकानात डाग काढत असते आणि बाबा घरात एकटे. आई गेल्यापासून ते भिंतीवरच्या घड्याळाशी बोलतात. खरंच बोलतात. "चार मिनिटं मागे आहेस," असं त्याला सुनावतात. म्हणून पिल्लू आणलं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "याची भरती कुणी केली?"

"मी."

"मला न विचारता?"

"बाबा, कुत्रं आहे. कारखाना नाही."

"महिनाभर उमेदवारी," ते म्हणाले. "काम बघू, मगच कायम."

तेव्हापासून त्याचं नाव उमेदवार. मालकिणीनं कागदावर दुसरंच काहीतरी लिहून दिलं होतं, ते आता कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटातून जुनी हजेरीवही काढली. कारखान्याच्या फाटकावर बसून त्यांनी चौतीस वर्षं माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. तो हात रिकामा राहत नसणार. त्यांनी पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, कोण, शेरा. मी म्हटलं, "कोण कशाला? एकच तर पिल्लू आहे." तर म्हणाले, "रकाना असलेला बरा."

आज सहावा दिवस. घरात अकरा वेळा, बाहेर सात वेळा. हे बरं की वाईट, ते मला कळत नाही. तुझ्या कुत्र्यांना किती दिवस लागले होते? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

धाकटी


१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

तुझं उत्तर आलं. पाकीट इतकं हलकं होतं की आत काही आहे की नाही, असंच वाटलं. आत एक ओळ होती: "त्याचं नाक फरशीवर घासलं, तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस."

आधी मला हसू आलं, कारण तुझं अक्षर अजून तसंच आहे. काना असा, की जणू कुणावर उगारलाय. मग हसू गेलं. नाही गं ताई, इथे कुणी कुणाचं नाक घासत नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय की ओरडायचं नाही, मारायचं नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं, रोज त्याच जागी. केलं की कौतुक. आणि जिथे चुकून झालं ती जागा सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यानं पुसायची, म्हणजे वासानं ते परत तिथे जात नाही. गरम पाणी वापरायचं नाही. हे मला सांगायला नको होतं. वीस वर्षं मी लोकांना तेच सांगते, गरम पाण्यानं डाग बसतो.

अडचण जिन्याची आहे. आपण अजून दुसऱ्याच मजल्यावर आहोत. (आपण लिहिलं, बघ.) अडतीस पायऱ्या. तो उतरायला लागतो मोठ्या उत्साहानं आणि मधल्या वळणावर, जिथे जिना वळतो ना, तिथे त्याचा धीर सुटतो. रोज तिथेच. आता बाबा फडकं खिशात घेऊनच निघतात. मीही तिथे बसून पुसते. त्या जागेवर बसलं की वर आणि खाली जाणारे सगळे दिसतात. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुला माहीत असणार.

असो. आता तो वळण पार करून रस्त्यापर्यंत जातो. कोपऱ्यावरच्या झाडाखाली त्यानं काल केलं, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "वेळेवर. शाबास." मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे दोन शब्द एकत्र ऐकले नव्हते.

पण एक गोष्ट मला समजत नाही, म्हणून विचारते. वहीत बघितलं तर बाहेरचे आकडे वाढलेत. सकाळी सहा दहाला मी नेते, बाहेर. आठला बाबा नेतात, बाहेर. दहाला, बाहेर. आणि मग साडेदहा, अकराला पुन्हा घरात. बैठकीच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीजवळ. नाहीतर न्हाणीघराकडे जाताना. बाहेर करून आलेलं एवढंसं पिल्लू पुन्हा घरात करतं? एवढं पाणी येतं कुठून?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी उमेदवाराचं पोट दाबून बघितलं, शू तपासली. सगळं ठीक. मग म्हणाल्या, "घरात आणखी कुठलं जनावर आहे का?"

"नाही. मी आणि वडील."

त्यांनी उमेदवाराला टेबलावरून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वडिलांचं वय काय?" मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर, पण ते वेळेचे फार पक्के आहेत, पिल्लाला बाहेर न्यायला एक मिनिट चुकत नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं."

असं का विचारलं असेल? असो, वय झालेल्या माणसाला जिना झेपत नाही, असं त्यांना वाटलं असेल. तुझी कुत्री असं करायची का, बाहेरून आल्यावर पुन्हा?

धाकटी


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर नाही. मी तरी लिहिते.

घरात ठीक आहे. बाबांची तब्येतही ठीक आहे, तू विचारलं नाहीस तरी. उलट या वयात सुधारणा झालीय त्यांच्यात. ते आता आपले कपडे स्वतः धुतात! पायजमे तरी धुतातच. मी घरी येते तर न्हाणीघरातल्या दांडीवर दोन पायजमे वाळत असतात. मी म्हटलं, मी आहे ना, माझं कामच आहे ते. तर म्हणाले, "तुझं काम दुकानात. घरात सुट्टी." मला बरं वाटलं. वाटायला हवं होतं ना? चहा त्यांनी सोडलाय, झोप येत नाही म्हणून. खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे बुद्धिबळाला जाणंही सोडलंय. म्हणतात, वकील फसवून खेळतात. गेली नऊ वर्षं ते फसवून खेळतायत, हे आत्ता लक्षात आलं.

उमेदवाराचं मात्र तळ्यात मळ्यात चाललंय. दाराशी जाऊन बसायला शिकलाय. बाहेर जायचं असलं की दाराच्या खालच्या फटीत नाक घालून फुरफुरतो. एवढं शहाणपण आलेलं पिल्लू दिवसा असं कसं करतं? रविवारी मी दिवसभर घरी होते, तेव्हा एकदाही नाही. सोमवारी मी दुकानात, तर दोनदा. मालकीण म्हणते, "तू नसलीस की चिडतं ते. कुत्री सूड घेतात." मग स्वतःच हसली. "शहरभरच्या लोकांचे डाग ओळखतेस आणि घरातला एक ओळखता येईना?"

ते खरंच आहे. तुला माझ्या कामाबद्दल माहीत नसेल. कपडा टेबलावर येतो, लोक म्हणतात, "काय लागलंय कुणास ठाऊक." त्यांना माहीत असतं, फक्त सांगायचं नसतं. मी कडा बघते. डागाची कडा बोलते. मग वास घेते. विचारत कधीच नाही. मालकिणीनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं की माणसाला डागाबद्दल विचारायचं नसतं, डागालाच विचारायचं.

बाबा म्हणतात, उमेदवार नापास होणार. परवा वही पुढे सरकवून म्हणाले, "बघ. मी काही मनानं लिहीत नाही." मी म्हटलं, लहान आहे हो ते. "लहान आहे म्हणून काय झालं," ते म्हणाले. आणि बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले होते.

मला या घरात काय चाललंय ते नीट समजत नाही. कदाचित पिल्लू आणायलाच नको होतं.

धाकटी


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

हे पत्र तू फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

काल गुरुवार. उमेदवाराची दुसरी लस होती. दुपारी डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं म्हणून मी त्याला सकाळी दुकानातच घेऊन गेले. बाबा आंघोळीला गेले होते. मी दाराबाहेरून ओरडून सांगितलं, "याला नेते हो." नळ चालू होता. त्यांना ऐकू गेलं नसणार.

दिवसभर तो माझ्या टेबलाखाली झोपला होता. संध्याकाळी सहाला आम्ही घरी आलो. बाबा आतल्या खोलीत पडले होते. वही नेहमीप्रमाणे टेबलावर उघडी होती.

जशीच्या तशी उतरवते.

"गुरुवार २७. वेळ ११.२०. जागा: बैठक, खुर्चीजवळ. कोण: उमेदवार. शेरा: ताकीद दिली."

मी ते चारपाच वेळा वाचलं. पिल्लाची साखळी माझ्या हातातच होती. अकरा वीसला तो कुठे होता ते मला माहीत होतं. एका बाईच्या लग्नातल्या कोटाच्या बाहीवर डोकं ठेवून घोरत होता, मी कोट खेचून काढला होता.

बाबांना गडबड करायची असती तर त्यांनी ओळच लिहिली नसती. कोण बघायला येणार होतं? पण घडलं ते लिहायचं, आणि वेळ लिहायची ती खरी. चौतीस वर्षांत त्यांनी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, मित्रांसाठीसुद्धा. त्यांना वेळ खोटी लिहिता आली नाही. नाव तेवढं खोटं लिहिता आलं.

आणि ताकीद कुणाला दिली असेल? त्या रिकाम्या खोलीत?

खुर्चीजवळची फरशी पुसलेली होती. गरम पाण्यानं. मला वासानं कळलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. मला काल कळलं नाही, ताई. मला आधीच कळलं होतं. कधीपासून ते सांगता येत नाही. कळलं होतं आणि मी कळू दिलं नव्हतं, असं काहीतरी. वीस वर्षं हे नाक घेऊन मी जगतेय. पिल्लाचा वास कुठला आणि म्हाताऱ्या माणसाच्या कपड्यांचा कुठला, हे मला नाही कळणार? एखादं गिऱ्हाईक असतं, तर मी एक शब्द न बोलता सिरका घेतला असता.

आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. नाक घासत नाही, असं लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं. १९ तारखेला, बुधवारी, खरं राहिलं नाही. मी घरी आले, पाय दुखत होते, खुर्चीजवळ ओलं होतं. बाबा खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. उमेदवार शेपूट हलवत माझ्याकडे आला, आणि मी त्याची मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. दोनदा. तो ओरडला नाही. नुसता सगळा लहान झाला माझ्या हातात. हाताला वास आला, तो त्याचा नव्हता, आणि तरी मी दुसऱ्यांदा घासलं.

बाबा खिडकीकडेच बघत म्हणाले, "पुरे. सोड त्याला."

मला वाटलं, म्हातारपणी मऊ झाले. बघ, मी काय काय वाटून घेते.

त्यानंतर दोन दिवसांनी तुला लिहिलेल्या पत्रात मी पायजम्यांची गोष्ट सांगितली आणि ही गाळली. तू अट घातली होतीस आणि ती मी मोडलीय, तेव्हा खरं तर हे पत्र पाठवायचा मला अधिकार नाही.

धाकटी


१ डिसेंबर, सोमवार

ताई,

अधिकार नाही म्हटलं आणि पुन्हा लिहितेय. एकदा डाग भिजत घातला की मध्येच काढून ठेवता येत नाही.

ती चादर माझी होती.

तुला ठाऊक आहे. तुला त्याच सकाळी ठाऊक होतं, म्हणून तर "तिला विचारा" म्हणालीस. पण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. उजाडायच्या जरा आधी मी ओली होऊन जागी झाले. तू पाणी प्यायला उठली होतीस. मी सरकून तुझ्या कोरड्या जागेवर गेले आणि डोळे मिटले. तू झोपेतच आलीस, माझी जागा रिकामी दिसली, तिथे आडवी झालीस. गादी ओली लागली असेल तुला. तू काहीच बोलली नाहीस. अर्धवट झोपेत होतीस, की मला सांभाळून घेतलंस, ते मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

सकाळी बाबा म्हणाले, "एवढी घोडी झालीस." तू म्हणालीस, "मी नाही केलं." ते म्हणाले, "चादर खोटं बोलत नाही." तू म्हणालीस, "तिला विचारा."

त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मी झोपले होते."

मग त्यांनी तुला चादर घेऊन जिन्याच्या वळणावर बसवलं. सगळी बिऱ्हाडं कामाला बाहेर पडेपर्यंत. मी दाराच्या फटीतून बघत होते. तू रडत नव्हतीस. घडी घातलेली चादर मांडीवर घेऊन बसली होतीस, जणू कुणाची तरी राखण करत होतीस.

त्यानंतर तू मला कधी काही म्हणाली नाहीस. मी वाट बघितली. माझी वेणी घालताना नेहमीपेक्षा जोरात ओढशील, असं वाटलं. तेही केलं नाहीस. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलंस तेव्हा सगळे म्हणाले, बापाशी पटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू खाली रस्त्यावर उभी राहिलीस आणि जिना चढली नाहीस, तेव्हाही सगळे तेच म्हणाले. मीसुद्धा तेच म्हणाले. ते सोपं होतं.

आणि आता मी चव्वेचाळीस वर्षांची बाई एका पिल्लाचं नाक दुसऱ्याच्या ओल्यात घासतेय. यातून मी काय शिकले ते मला सांगता येत नाही. काही शिकले असं वाटतही नाही.

धाकटी


८ डिसेंबर, सोमवार

ताई,

शेवटचं लिहिते. या आठवड्यात काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण त्यात तू आहेस.

मी बाबांना वहीबद्दल काही बोलले नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. पण डॉक्टरांकडे जाऊ या, एवढं म्हटलं. माणसांच्या. "कशाला?" असंच, तब्येत दाखवून येऊ. ते म्हणाले, "उमेदवाराला घेऊन जा. गरज त्याला आहे."

शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. वही मिटलेली होती, तिच्यावर चष्मा. उमेदवार त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "हा नापास. परत पाठव त्याला मालकिणीकडे."

खरं तर उमेदवार केव्हाच पास झालाय. पंधरा दिवसांत त्यानं घरात एक थेंब सांडला नाही, हे मी आता शपथेवर सांगू शकते. पण तो गेला तर दुसऱ्या दिवशी वहीत ‘कोण’ या रकान्यात बाबा काय लिहिणार? आणि लिहिल्याशिवाय तर ते राहणार नाहीत. म्हणजे पिल्लू शहाणं झालं म्हणून ठेवायचं नव्हतं, त्याच्यावर नाव घालता यावं म्हणून ठेवायचं होतं. हा न्याय की अन्याय, मला कळेना. पिल्लाला तर काहीच कळत नव्हतं. ते शेपूट आपटत होतं.

मी म्हटलं, "आणखी मुदतवाढ देऊ या, बाबा."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मुदतवाढ कुणाला?"

मी खाली बसले आणि उमेदवाराचा पडका कान उगाच सरळ करत राहिले. म्हटलं, "सगळ्यांनाच."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, त्याला नेहमीसारखं सुनावलंही नाही. मग म्हणाले, "त्या दिवशीची चादर कुणाची होती?"

कुठल्या दिवशीची, असं मी विचारायला हवं होतं. सदतीस वर्षं झाली. पण आम्हा दोघांनाही दिवस माहीत होता.

"माझी," मी म्हणाले.

"तुला विचारलं होतं मी."

"हो."

"तू म्हणालीस, झोपले होते."

"हो."

त्यांचा हात वहीवर होता. बोटं सरळ करत होते, मिटत होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एक तास चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "तिला बसवलं होतं ते."

मला कायम दोन तास वाटत आले होते. तुला किती वाटतात?

मग ते उठले, हळूहळू, खुर्चीचा हात धरून. खुर्चीवरची उशी ओली होती. त्यांनी ती बघितली, मी बघितली. उमेदवार माझ्या मांडीत होता. मी उशी उचलली आणि म्हटलं, "या पिल्लानं पुन्हा केलं वाटतं."

बाबा म्हणाले, "हो." मग वही उघडली, घड्याळ बघितलं, ९.०५ लिहिलं. ‘कोण’चा रकाना मोकळा ठेवला. त्यांच्या कुठल्याच वहीत मोकळा रकाना मी आजवर पाहिला नव्हता.

दुपारी जेवताना म्हणाले, "ती येईल का?"

मी म्हटलं, "मला नाही वाटत."

"तुला वाटून काय उपयोग. तिला विचार."

म्हणून विचारते. शनिवारीच मी माणसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. पुढच्या सोमवारची. ते माझ्याबरोबर येणार नाहीत, उशी मी बघितलीय आता. तू घेऊन गेलीस तर कदाचित येतील. तुला घाबरतात ते. मला आधी वाटायचं की रागावलेत, पण ते घाबरतात. म्हणून रविवारी ये. १४ तारखेला, कधीही. जिन्याचं वळण चढून ये, किंवा खाली थांब, मी त्यांना खाली आणीन, अडतीस पायऱ्या आहेत, वेळ लागेल.

एवढंच असतं तर तू कदाचित आलीही असतीस. पण मला आणखी एक मागायचंय, आणि ते ऐकून तू येणार नाहीस.

तू आलीस आणि खुर्चीजवळची फरशी ओली दिसली, तर ते तुझ्याकडे बघतील. दहा वर्षांची तू त्यांच्याकडे बघितलं होतंस ना, तसंच बघतील. तेव्हा तू एवढंच म्हण की पिल्लानं केलं. उमेदवाराला चालेल, मी त्याला विचारलंय. तू कधीच खोटं बोलत नाहीस, त्या सकाळीही बोलली नव्हतीस, आणि ज्यांनी तेव्हा तुझं ऐकलं नाही त्यांच्यासाठी आता बोलशील, असं मला वाटत नाही. पण बाबा म्हणाले, तिला विचार. तर विचारते. म्हणशील का?

धाकटी